मुंढ्यातला पाव इंच

माणूस भेटायला येतो तो उंबऱ्यात जरा थबकतो, डोळ्यांना रुमाल लावतो, "कसं हो झालं एकाएकी" म्हणतो आणि मग खुर्ची ओढून बसतो. बसल्यावर काय बोलावं ते कुणालाच सुचत नाही, म्हणून पाणी पितो. एवढी साधी रीत. ही बाई आली ती थेट शिवणकामाच्या पुतळ्यासमोर जाऊन उभी राहिली. खांद्यावरची पिशवीसुद्धा उतरवली नाही. पुतळ्यावर चढवलेल्या सदऱ्याची उजवी बाही तिनं चिमटीत धरून वर उचलली, खाली सोडली, बगलेखाली मुंढ्यात, बाही जोडतात त्या घेरात, बोट घालून फिरवलं आणि ओठ आवळून तशीच राहिली. मास्तर कापायच्या टेबलामागे उंच स्टुलावर बसून हे बघत होत्या. त्यांचा धाकटा मुलगा जाऊन एकवीस दिवस झाले होते. एवढ्या दिवसांत शंभरेक माणसं येऊन गेली असतील, पण दुःखाच्या घरी येऊन शिलाई तपासणारी ही पहिलीच. बरं, सदरा तरी कुठला? धाकट्यानं काढलेल्या शेवटच्या फर्म्यावरून मास्तरांनी स्वतः बेतलेला, स्वतः शिवलेला. कामावरच्या बायकांना त्यावरची धूळ झटकायचीही परवानगी नव्हती. आणि ही खुशाल त्याच्या बगलेत बोटं घालते.

"झालं पाहून?" मास्तर म्हणाल्या. "की गुंड्या मोजायच्या राहिल्यात?"

"झालं," ती म्हणाली. टोमणा तिच्या डोक्यावरून गेला की तिनं तो गिळला, ते कळेना. "तुम्हीच मास्तर ना? मी टाचणी."

टाचणी हे नाव ह्या घरात नऊ वर्षं नांदत होतं. धाकटा मागच्या खोलीतून चहाचा कप घेऊन यायचा आणि म्हणायचा, "आज टाचणीनं परत टोचलं." मास्तरांना वाटायचं, कुणी तरी सेवानिवृत्त, खवचट म्हातारा असणार, बायको विचारत नाही म्हणून लोकांच्या चुका काढत बसलेला. धाकट्याबरोबर त्याच्या प्रोग्रामवर राबणाऱ्या त्या लोकांचं सगळं काम इंटरनेटवर चाले. एकमेकांची तोंडं पाहिलेली नसायची, टोपणनावांवर भागायचं. धाकटा तिथे 'खडू' होता. समोर उभी असलेली टाचणी पंचेचाळिशीची, आखूड केसांची, जाड चष्म्याची, दिवसभर प्रवास करून आल्यानं चुरगळलेल्या कपड्यांतली. बोटांच्या टोकांना कसला तरी वाळलेला गोंद. हिनं माझ्या मुलाला 'नाही' म्हटलं होतं, मास्तरांच्या मनात आलं. मरायच्या तीन दिवस आधी, साऱ्या जगाला दिसेल असं लिहून.

ते वाचून दाखवलं थोरल्या मुलीनं. थोरली शाळेत शिकवते, तिचं वाचन स्पष्ट आहे. पण त्या दिवशी ती मध्येच थांबली आणि मास्तरांनी "पुढे" म्हटल्यावर एका श्वासात वाचून मोकळी झाली. "नाही. मुंढा मोठा झालाय. हा पाव इंच कुठून आला ते सांग, नाहीतर बदल मागे घे." ना नमस्कार, ना ख्यालीखुशाली. त्याखाली धाकट्याचं उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तो दूध आणायला म्हणून उतरला आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कठड्याला धरून खाली बसला तो बसलाच. डॉक्टर म्हणाले हृदय. मास्तरांनी डॉक्टरांचं ऐकून घेतलं, पण आत कुठे तरी त्यांनी दोष देऊन टाकला होता, आणि तो टाचणीला दिला होता. दोष कुणाला तरी द्यावा लागतो. रिकाम्या हातांना काम नसलं की ते कापडाच्या कडा उसवत बसतात, तसं मन काहीतरी उसवत बसतं. रोज सकाळी उठून त्या तेवढी एक ओळ आठवायच्या. नाही. मुंढा मोठा झालाय. टाचणी मला मुंढा शिकवते! बेचाळीस वर्षं हातात कात्री असलेल्या बाईच्या पोराला!

त्या प्रोग्राममधलं गणित पोराचं होतं आणि मुंढा आईचा, हे त्यांनीच कुणाला सांगायची गरज नव्हती. धाकट्यानं ते प्रोग्रामच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं. पंधरा वर्षांपूर्वी त्यानं तो लिहायला घेतला. अंगाची मापं घातली की सदऱ्याचा, झग्याचा, दवाखान्यातल्या अंगरख्याचा कागदी फर्मा काढून देणारा प्रोग्राम. वाकडा खांदा असो, एक हात आखूड असो, मापं खरी घातलीत तर फर्मा खरा. आणि तो सगळा उघडा. कुणीही घ्यावा, आतला कोड वाचावा, सुधारावा, सुधारलेलं परत पाठवावं. "म्हणजे तू राबणार आणि लोक फुकट नेणार," मास्तर म्हणाल्या होत्या. "नेतील आणि आणूनही देतील," तो म्हणाला. पहिल्या वर्षी कुणी काही आणून दिलं नाही, तेव्हा मास्तरांनी त्याला भरपूर ऐकवलं. नंतर कुठल्या कुठल्या गावांतून माणसं येऊन मिळाली, तेव्हा ऐकवायचं बंद केलं. चुकलं असं मात्र म्हणाल्या नाहीत. तो शिकायला बसला तेव्हा विचारायचा, आई, मुंढा बगलेच्या किती खाली? त्या म्हणायच्या, दोन बोटं. तो म्हणायचा, किती म्हणजे किती? "दोन बोटं म्हणजे दोन बोटं! तुझ्या बापानं कधी विचारलं नाही!" मग त्यानं त्यांचा हात टेबलावर पालथा ठेवून मधली दोन बोटं मोजली. सव्वा इंच. तो सव्वा इंच प्रोग्राममध्ये गेला आणि जगभर पसरला. ज्यांनी मास्तरांना जन्मात पाहिलं नाही अशा हजारो लोकांच्या बगलेखाली मास्तरांची दोन बोटं होती. ह्या गोष्टीचा अभिमान त्यांनी कुणाला दाखवला नाही, आणि पुरवून पुरवून भोगला.

त्यानं दोन नियम घातले होते. कोडमधला कुठलाही बदल, अगदी स्वतः त्यानं केलेला, दुसऱ्या कुणीतरी 'हो' म्हटल्याशिवाय घ्यायचा नाही. आणि त्या बदलातून निघणारा फर्मा मास्तरांनी मांजरपाटावर कापून, कच्चा टाचून, अंगावर चढवून बघितल्याशिवाय नवी आवृत्ती सोडायची नाही. हे दोन्ही झालं की तो त्यावर आपली मोहोर लावायचा. मोहोर नसेल तर लोकांची मशीनं नवी आवृत्ती घ्यायचीच नाहीत. ती मोहोर सात शब्दांनी उघडायची. सात शब्द त्यानं कुठेही लिहिले नाहीत, आईला पाठ करायला लावले. "कागद हरवतो, मशीन बिघडतं," तो हसून म्हणाला होता, "तुझ्या तोंडून मात्र तुझ्या मनाविरुद्ध अक्षर काढायची कुणाची छाती नाही." आता तो नव्हता आणि सात शब्द होते. चाळीस शिकलेली माणसं चौथी शिकलेल्या बाईच्या तोंडाकडे बघत बसली होती. त्यांनी मिळून ठरवून कळवलं होतं: खडूचा शेवटचा बदल जसाच्या तसा बाहेर काढायचा, त्याच्या नावानं, श्रद्धांजली म्हणून. पुढचं सगळं एक समिती सांभाळेल. आज चार वाजता सगळे स्क्रीनवर जमणार आणि आईंनी शब्द सांगायचे. मास्तर तयार होत्या. मुलाचं शेवटचं काम त्याच्या नावानं जगात जाणार, ह्याहून आणखी काय हवं? एकवीस दिवसांत पहिल्यांदा काल त्यांना नीट झोप लागली होती.

"चाळीस जण हो म्हणालेत," टाचणी म्हणाली. एव्हाना थोरलीनं तिला बळेच बसवलं होतं आणि पाणी दिलं होतं. ते तिनं घटाघटा संपवलं. "मी एकटी नाही म्हणतेय. पत्रातून लिहिलं असतं तर तुम्ही फाडलं असतंत."

"फाडलंच असतं."

"म्हणून आले."

"मेलेल्या माणसाची चूक काढायला एवढा प्रवास केलास... केलात?"

"चूक मेलेली नाही ना," टाचणी म्हणाली. "उद्या ती बाहेर पडली की चालायला लागेल."

थोरली "अहो" म्हणाली. मास्तरांनी हात वर करून तिला थांबवलं. टाचणी मग बोलत राहिली, मान खाली घालून, पिशवीच्या बंदाशी चाळा करत. ती पाठीच्या कण्याचे पट्टे बनवणाऱ्या कार्यशाळेत काम करते. वाकलेल्या पाठींची मुलं, म्हातारी माणसं. पट्टा कडक असतो, तेवीस तेवीस तास अंगावर. त्याच्या आत घालायचे सदरे ह्याच प्रोग्रामवर बेततात. मुंढा पाव इंच खाली गेला की हात उचलताना सदरा वर ओढला जातो, हात खाली आला की कापड पट्ट्याच्या कडेत गोळा होतं. "दोन दिवसांत कातडी सोलते. नव्या फर्म्याचे मी अकरा सदरे शिवून पाहिले. चौघांना ते काढून ठेवावे लागले." तिनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तो असा पाव इंच उगाच हलवणारा नव्हता. बदलाच्या खाली कारण म्हणून एकच ओळ लिहिली होती. 'आईच्या हाताचं माप नव्यानं घेतलं.' मला त्याचा अर्थ लागला नाही. म्हणून विचारलं."

खोलीत पंखा फिरत होता. खाली रस्त्यावर कुणीतरी शटर ओढलं. मास्तरांनी टेबलावरचे हात काढून मांडीवर घेतले, एकावर एक झाकून. गेली दोन वर्षं त्या हात असेच झाकत आल्या होत्या. सांधे सकाळी लाकडासारखे असतात, कोमट पाण्यात धरले की सुटतात. लग्नातली अंगठी साबण लावून काढली तेव्हा थोरलीला सांगितलं, कापडात अडकते म्हणून काढली. धाकट्याला तर काहीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, आई, आता पुरे. पुरे हा शब्द त्यांना ऐकायचा नव्हता. मग महिन्यापूर्वी तो ते चकचकीत मापाचं यंत्र घेऊन आला, पूर्वी साध्या टेपनं घेतलं होतं माप, आता अगदी नेमकं घेऊ म्हणाला. त्यांनी हात पुढे केला. मागे घेता आला असता. त्याची बोटं गरम होती, लहानपणी ताप असल्यासारखी कायम गरम, आणि त्यानं त्यांचा हात इतका जपून धरला होता की त्यांना वाटलं, ह्याला कळलंय. त्याला कळलं नव्हतं. त्यानं आकडा बघितला, म्हणाला, "अगं, मी पंधरा वर्षं तुझं माप चोरत होतो की! दीड इंच आहे." आणि खुश होऊन गेला.

एवढंच असतं तरी निभावलं असतं. पण नियमाप्रमाणे तो फर्मा मांजरपाटावर कापायचा होता, आणि तो आठवडा हातांचा वाईट होता. कात्री उघडली की मिटेना. तो संध्याकाळी दारातून डोकावून म्हणाला, "कापलंस?" त्या म्हणाल्या, "कापलं. छान बसतंय." पंधरा वर्षांत पहिल्यांदा त्या न कापता बोलल्या. मग टाचणीचं ते 'नाही' आलं, तेव्हा तो कप घेऊन इथेच, ह्या टेबलाच्या कोपऱ्यावर टेकला होता. "टाचणी सहसा चुकत नाही," म्हणाला. आणि त्या म्हणाल्या होत्या, "मी सांगते ना बरोबर आहे म्हणून? त्या टाचणीला मुंढा जास्त कळतो की मला?" तो म्हणाला, "तू म्हणतेस म्हणजे झालंच." तेवढ्यानं तो निश्चिंत झाला होता. पुतळ्यावरचा सदरा तर त्यांनी तो गेल्यावर बेतला, डोळ्यांतून पाणी गळत असताना. त्याच्याकडे शिंप्याच्या डोळ्यांनी त्यांनी एकदाही बघितलं नव्हतं. बघायचं टाळलं होतं.

"ऊठ," मास्तर म्हणाल्या.

टाचणी उठली. तिला वाटलं, हाकलतायत.

"इकडे ये. हात बाजूला कर. सरळ उभी राहा, काय बाक काढून उभी राहतेस. थोरले, त्याचा लॅपटॉप उघड. हिची मापं सांगते ती घाल, आणि दोन्ही फर्मे काढ. जुना आणि नवा."

"आई, तुझे हात—" थोरली म्हणाली. म्हणजे हिला ठाऊक होतं. मास्तरांनी तिच्याकडे असं पाहिलं की ती निमूट लॅपटॉपकडे वळली.

मांजरपाट पसरला, तेव्हा त्याचा तो खळीचा कोरा वास आला आणि खोलीतला एकवीस दिवसांचा उदास वास जरा बाजूला सरला. उजवं अंग जुन्या फर्म्यावर, डावं नव्या. कात्री दुखली. दुखू दे. पहिल्या वीतभर कापडात दात ओठ खावे लागले, मग हाताला जुनी चाल सापडली आणि कात्रीचा तो सलग, खोल आवाज सुरू झाला, जो ऐकत ह्या घरातली दोन्ही मुलं झोपी गेली होती. कामावरच्या दोघी बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. सुईत दोरा मात्र थोरलीला ओवून द्यावा लागला. मोठे मोठे धावदोऱ्याचे टाके घालून पाऊण तासात सदरा उभा राहिला आणि टाचणीच्या अंगावर चढला: एका अंगावर दोन मुंढे.

"हात वर."

उजव्या बाजूचा हात वर गेला आणि सदरा जागच्या जागी राहिला. डावा गेला तशी डावी कड बरगडीवरून वर सरकली. हात खाली आल्यावर बगलेपाशी कापडाचा झोळ लोंबत राहिला. आंधळ्यालाही दिसावा असा. मास्तर पुढे झाल्या. मधली दोन बोटं त्यांनी डाव्या, नव्या मुंढ्यात घातली. चपखल बसली. मग उजव्या, जुन्या मुंढ्यात घालायला गेल्या तर पेरांपाशीच अडकली, रेटूनही आत जाईनात. त्या तशाच उभ्या राहिल्या, परक्या बाईच्या बगलेत दोन बोटं अडकवून, आणि त्यांच्या मनात पहिला विचार आला तो लाजेचा नव्हता. तो असा आला की, बघा, जुना मुंढा किती सुंदर बसलाय. ह्याच बोटांनी बसवला. ही बोटं फुगली, वाकडी झाली, उद्या राहणारही नाहीत, पण ती धड होती तेव्हाचं माप त्या पोरानं उतरवून ठेवलं आणि ते आता बोटांपेक्षा खरं आहे. त्यांनी बोटं हळूच बाहेर काढली. पोरगा माझ्यावर विश्वास ठेवून चुकला. चूक माझी. आणि माझी चूक पकडू शकेल एवढी पक्की गोष्ट तो करून गेला.

"वाजले किती?" त्यांनी विचारलं.

"चार व्हायला पाच कमी."

"लाव त्यांना. आणि तू तो सदरा काढू नकोस."

स्क्रीनवर एकेक करून चौकोनी तोंडं उघडत गेली. त्यांचा म्होरक्या एक दाढीवाला होता. त्यानं घसा साफ केला. "आई, आम्ही सगळे तुमच्या दुःखात—"

"ते नंतर. आधी हे बघा." मास्तरांनी टाचणीला दंडाला धरून कॅमेऱ्यासमोर उभं केलं. "हात वर. खाली. दिसला झोळ? दाढीवाले, तुम्हाला विचारतेय. दिसला का?"

"दिसला," दाढीवाला म्हणाला.

"हो म्हणण्याआधी तुमच्यापैकी किती जणांनी कापून बघितलं होतं?"

चाळीस चौकोनांतल्या माना एकेक करून खाली गेल्या.

"मीही नव्हतं कापलं," मास्तर म्हणाल्या. थोरलीचा हात तोंडावर गेला. "माझी बोटं सुजलीत. मी ती लपवली. त्यानं सुजलेल्या बोटांचं माप घेतलं आणि मी न कापता बरोबर आहे म्हणून सांगितलं. हा बघा हात." त्यांनी दोन वर्षांत पहिल्यांदा दोन्ही पंजे उघडून, बोटं पसरून, कॅमेऱ्याच्या अगदी जवळ नेले. गाठाळलेले, वाकडे. ते तसे उजेडात धरताना त्यांना वाटलं होतं त्याच्या निम्मीही शरम वाटली नाही. उलट हात एकदम हलके झाले. "त्याचं गणित चुकलेलं नाही. माप चुकलं, ते माझं. जुना सव्वा इंच बरोबर होता, तोच राहील."

"पण आई," दाढीवाला अडखळला, "त्याची शेवटची आठवण म्हणून..."

"आठवण म्हणून लोकांच्या कातड्या सोलणार? पंधरा वर्षं बरोबर बसलेला मुंढा आहे ना त्याचा, तेवढी आठवण पुरत नाही? आणि ती समिती. चाळीस जणांत एक नाही म्हणणारा निघाला नाही, त्या समितीला मी सात शब्द देऊ?"

कुठल्या तरी कोपऱ्यातल्या चौकोनातून एक बाई खुदकन हसली. मग दाढीवालाही हसला, कसनुसा, आणि म्हणाला, "नका देऊ. खरंच नका देऊ." एकेकानं हात वर केला, कुणी माना डोलावल्या, बघता बघता सगळा पडदा वर केलेल्या हातांनी भरून गेला. थोरली रडत होती आणि हसत होती. दारातल्या बायकांना फारसं काही कळलं नव्हतं, पण मास्तर जिंकल्या एवढं कळलं होतं, आणि त्या तेवढ्यावर खुश होत्या.

मास्तरांनी टाचणीची मान धरून खाली वाकवली आणि तिच्या कानात, एकेक शब्द सुटा करून, सातही सांगितले. दोनदा सांगितले. टाचणीनं ओठ हलवून ते म्हणून पाहिले, आणि पाचव्या शब्दावर, तो तिचंच नाव होता, तिचा चेहरा एकाएकी विसकटला. धावदोऱ्याच्या त्या दोन मुंढ्यांच्या सदऱ्यात उभी राहून ती लहान मुलीसारखी रडायला लागली. चष्मा काढायचं भान तिला राहिलं नाही. मास्तरांनी तिला रडू दिलं. मग हनुवटी धरून तिचं तोंड वर केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"ऐक. दुःखाच्या घरी कसं वागावं हे तुला कळत नाही, आणि आता ह्या वयात कुणी शिकवायचंही नाही. पण माझ्या पोरानं आईच्या शब्दापुढे मान तुकवली, तेव्हा खऱ्याच्या बाजूनं तू एकटी उभी राहिलीस. आजपासून हे सगळं तू सांभाळायचं. आणि मी चुकले तर मलाही असंच तोंडावर नाही म्हणायचं. मी चिडेन. चिडू द्यायचं."